टाका कधी लांबला? गोधडी शिवणाऱ्या दोन जावांचा व्यवसाय : एक प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यातल्या एका गावातली ही हकिकत. गावाचं, माणसांचं, दुकानांचं नाव दिलेलं नाही. आकडे थोडे गोल केले आहेत, पण हिशेबाचा तोल बदलेल इतके नाहीत. व्यवसाय चालवणाऱ्या दोघी सख्ख्या जावा. गावात त्यांना थोरल्या आणि धाकट्या असंच म्हणतात, इथंही तेच ठेवते. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर मी त्या भागात बचत गटांच्या वह्या तपासायला जात असे. म्हणजे मी काही तटस्थ नाही. या प्रकरणातला एक चुकलेला सल्ला माझाच आहे, तो पुढे येईल.

पार्श्वभूमी

गोधडी हे त्या गावात विकायचं काम कधीच नव्हतं. उन्हाळ्यात रानातली कामं सरली की सोप्यात लुगडं पसरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे जड सापडेल ते ठेवायचं, आत जुनं धोतर, विरलेले सदरे, चिंध्या एकसारख्या अंथरायच्या आणि वरून दुसरं लुगडं टाकायचं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागच्या जागी धरायचं. खरी शिवण त्यानंतर. काठापासून सुरू करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, एका ओळीपासून दुसरी ओळ बोटभर अंतरावर. चार बायका चार बाजूंना बसल्या की गोधडी मध्याकडे सरकते आणि बायका एकमेकींच्या जवळ येतात. किती तास लागले हे कुणी मोजत नसे. लेकीच्या बाळंतपणाला दुपटं द्यायचं, जावयाला चांगली थोरली गोधडी द्यायची. कुणी बाहेरच्यानं शिवून घेतलीच तर शिवणावळ म्हणून पायलीभर ज्वारी किंवा थोडे पैसे.

धाकट्या ब्लाऊज शिवतात. २०२० च्या टाळेबंदीत लग्नं थांबली, ब्लाऊज थांबले, आणि कपाटात रंगीत कापडाचे तुकडे तेवढे साठले. त्यातून त्यांनी भाचीच्या बाळासाठी दुपटं जोडलं. धावदोरा थोरल्यांनी घातला. फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर गेला आणि पुण्यातल्या एका नातलगांनी तीन मागवली. तिथून दोन वर्षांत गल्लीतल्या आणि वाडीवरच्या मिळून ११ बायका दुपटी शिवायला लागल्या. ९० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं चौकोनी दुपटं, किंमत ६५० रुपये.

ही किंमत आली कुठून, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. धाकट्या म्हणाल्या, तालुक्याच्या दुकानात मशिनवरची लहान रजई ७०० ला होती, म्हणून ५० कमी केले. हाताचं काम मशिनपेक्षा स्वस्त का, असा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही आणि खरं सांगायचं तर मलाही पडला नाही.

अडचण

वरवर पाहता सगळं बरं चाललं होतं. पुण्यातलं एक दुकान माल ठेवून घेत असे आणि विकल्यावर ३० टक्के कापून पैसे देत असे. म्हणजे ६५० च्या दुपट्यामागे हातात येत ४५५. शिवणाऱ्या बाईला नगामागे १८०. कापड आणि दोरा २००. उरले ७५. त्यातून धाकट्यांचं कापणं, तुकडे जोडणं, थोरल्यांचं तपासणं, धुणं-इस्त्री, एसटीनं पुण्याला माल पोचवणं. दोघींची मजुरी वहीत कुठंच नव्हती. ७५ रुपयांना त्या नफा म्हणत होत्या.

१८० रुपयांचा हिशेबही कुणी केला नव्हता. मी एका दुपारी थोरल्यांसमोर घड्याळ ठेवलं. पातळ दुपट्यावर त्यांचा हात तासाला साधारण ५ मीटर धावदोरा घालतो. ९० सेंटिमीटरच्या चौकोनात दीड-दीड सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर एकूण धावदोरा भरतो ५४ मीटर. म्हणजे ११ तास. १८० भागिले ११, तासाला १६ रुपये आणि काही पैसे. त्या वर्षी गावात खुरपणीला बाईचा रोज ३०० होता आणि कामाचे तास सहा. तासाला ५०.

हा आकडा ऐकून थोरल्या काही बोलल्या नाहीत. धाकट्यांनी मात्र हसून विषय मोडला, “आवं मॅडम, रात्री टीव्हीपुढं बसूनच करत्यात की. ते काय काम हाय का?”

पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ या वाक्यात आहे, असं मला आता वाटतं. रिकाम्या वेळेचं काम, म्हणून त्याला रिकाम्या वेळेचा दर. वेळ रिकामा असतो तोवर हे चालतं.

मोठी ऑर्डर

जून २०२३ मध्ये लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या एका शहरी दुकानानं ६० दुपटी मागितली. ठेवून घ्यायला नव्हे, सरळ विकत. नगाला ४८० रुपये, एकूण २८,८००, त्यातले निम्मे, १४,४००, आधी. मुदत ३० दिवस.

घ्यावी का? धाकट्यांना हवी होती. थोरल्या म्हणाल्या, “पाऊस तोंडावर हाय.” मी कागदावर गणित मांडलं. ६० नग, प्रत्येकी ११ तास, म्हणजे ६६० तास. ११ बायका दिवसाला तीन तास बसल्या तर २० दिवसांत काम संपतं, वर दहा दिवस हाताशी. मी म्हटलं, घ्या.

गणित बरोबर होतं, आणि सल्ला चूक. मी तास मोजले, महिना मोजला नाही. त्या वर्षी पाऊस उशिरा आला. जूनच्या शेवटी पेरण्या झाल्या आणि ऑर्डरच्या ऐन मध्यावर खुरपणी सुरू झाली. ३०० रुपये रोज सोडून १६ रुपये तासानं शिवायला कोण बसेल? बायका दिवसभर रानात जायच्या आणि रात्री दहानंतर, कंबर मोडलेली असताना, दुपटं मांडीवर घ्यायच्या. ठरलेल्या दिवशी ६० नग तयार झाले. धाकट्यांनी ते मोजून बांधले. उलगडून पाहिले नाहीत.

आठवड्यानं ३८ नग परत आले. दुकानाची तक्रार एका ओळीची होती : नमुन्यासारखी शिवण नाही. थोरल्यांनी एक दुपटं उंबऱ्यावर पसरलं आणि बोट ठेवून ओळी मोजल्या. दीडाच्या जागी अडीच सेंटिमीटर, काही ठिकाणी तीन. टाकाही तांदळाच्या दाण्याएवढा असायचा, तो शेंगदाण्याएवढा झालेला. अडीच सेंटिमीटरवर ओळी घातल्या की ५४ मीटरचं काम ३२ मीटरवर येतं. नगाला १८० मिळणार असतील तर कुणाचाही हात तिकडेच वळेल. कुणी लबाडी केली नव्हती. आम्ही ज्याचे पैसे देत होतो ते आम्हाला मिळालं होतं : ६० नग.

पैशांचं असं झालं. स्वीकारलेल्या २२ नगांचे १०,५६०. आगाऊ घेतले होते १४,४००. म्हणजे उलट ३,८४० रुपये दुकानाला परत करायचे. बायकांची मजुरी १०,८०० देऊन झालेली, कापड १२,००० चं. खर्च २२,८०० आणि हाती १०,५६०. तोटा १२,२४० रुपये आणि घरात ३८ दुपट्यांचा ढीग.

त्याच सुमारास पुण्याच्या दुकानाकडे चार महिन्यांची बाकी अडकली होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो आणि थकले तर तेव्हा सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर तक्रारही करता येत होती. मी तो मार्ग सुचवला आणि आम्ही दोन ठिकाणी अडलो. एक म्हणजे यांची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणीच नव्हती, आणि व्यवहार झाल्यावर केलेली नोंदणी त्या व्यवहाराला कामाला येत नाही, असंच तेव्हा धरलं जात होतं. दुसरं, माल विकलाच नव्हता, ठेवायला दिला होता. ज्याला आपण देणेकरी म्हणतो तो कागदोपत्री खरेदीदार होताच कुठं? पैसे पुढं हप्त्या-हप्त्यानं आले. सगळे नाही आले.

पुढे काय करायचं : चार वाटा

श्रावणात एका दुपारी आम्ही बसलो. दोघी जावा, शिवणाऱ्यांपैकी सहाजणी आणि मी. चर्चेतले पर्याय असे होते.

पहिली वाट मशिनची. धाकट्यांचं मत त्या बाजूला होतं. तुकडे जोडायला मशिन वापरतोच, मग वरची शिवणही मशिननं घालायची. ११ तासांचं काम तासाभरात. पण मशिनच्या रजईत यांची गाठ पानिपत आणि जयपूरच्या मालाशी पडणार. तिथं या गावातल्या दोन मशिनी काय करणार? शिवाय मशिननं काम अकराजणींतल्या दोघींना पुरलं असतं, बाकीच्या नऊजणी घरी गेल्या असत्या. हे शेवटचं कारण थोरल्यांनी मांडलं, आणि बसलेल्या सहाजणींकडे न बघता मांडलं.

दुसरी वाट कर्जाची. त्याच सप्टेंबरात पारंपरिक कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना सुरू होणार होती. पुढे यादी आली तेव्हा तिच्या १८ व्यवसायांत गोधडी नव्हती. शिंपीकाम होतं, आणि ते धाकट्या खरोखर करतात. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजानं. बँकेतली बाई म्हणून मला यात रस होता. पण कर्ज कशासाठी, या प्रश्नाला उत्तर मिळेना. कापडाला पाच-सात हजार पुरतात. मशिन आहे. खर्चातला मोठा भाग मजुरी, आणि मजुरी गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशांतून निघाली पाहिजे. ती कर्जातून द्यायला लागली तर धंद्याचं दुखणं कर्जानं झाकलं जातं, एवढंच. अर्ज करायचा, अवजारांची मदत मिळाली तर घ्यायची, कर्ज उचलायचं नाही, असं ठरलं.

तिसरी वाट, नगाचा दर सोडून तासाचा दर. ऐकायला न्याय्य. पण काम घरोघरी चालतं. कोण किती वेळ बसलं, हे कोण लिहिणार? मध्ये चूल, मध्ये म्हैस, मध्ये पोरगं. तासांच्या वहीवरून आठवड्याभरात भांडणं लागली असती.

चौथी वाट, सगळं बंद करून पुन्हा उन्हाळ्यापुरतं, घरापुरतं. ही वाट कुणी बोलून दाखवली नाही, पण ती खोलीत होती.

पाचवी गोष्ट सुचली ती शिवणाऱ्यांतल्या एकीला. ती वर्षातले काही महिने ऊसतोडीला जाऊन आलेली. म्हणाली, तोडीला टनावर पैसे मिळतात, दिवसावर नाही आणि मोळीवरही नाही. मोळी लहान बांधली काय अन् मोठी काय, काट्यावर वजन होतं. दुपट्याचा काटा कुठला?

धावदोऱ्याची लांबी. हे माझ्या कागदावर आधीपासून होतं, पण मी ते फक्त तास काढायला वापरलं होतं.

काय केलं

दर मीटरवर ठरला. तासाला ५० मिळायला हवेत, तासात ५ मीटर होतात, म्हणून पातळ दुपट्याला मीटरमागे १० रुपये. मोठ्या, जाड गोधडीत सुई जड जाते, तासाला ३ मीटर होतात. तिथं दर १६. खुरपणीचा रोज वाढला की हा दर वाढवायचा, हेही तेव्हाच लिहून ठेवलं.

मीटर मोजायचे कसे? टेप घेऊन बसायची गरज पडली नाही. शिवण काठाकडून मध्याकडे जाते, त्यामुळे काठापासून मध्यापर्यंत ओळी मोजल्या की काम झालं. ९० चं दुपटं, मध्यापर्यंत ४५, दीड सेंटिमीटरला एक ओळ, म्हणजे ३० ओळी. तीस भरल्या तर ५४ मीटरचे ५४० रुपये. सत्तावीसपर्यंत त्या हिशेबानं कमी. त्याखाली दुपटं परत, मधल्या ओळी घालून आणायचं. बोटाचं माप मात्र सोडावं लागलं, कारण प्रत्येकीचं बोट वेगळं. धाकट्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीला एक दिली. त्या पट्टीवर कुणाच्या तरी बरगड्या अजून दिसतात.

परत आलेल्या ३८ नगांपैकी ज्यांच्या ओळी तीन सेंटिमीटरवर होत्या अशा १६ दुपट्यांत मधोमध आणखी एकेक ओळ घातली. ती नमुन्याइतकी दाट झाली आणि चांगल्या किमतीला गेली. उरलेली २२ जवळच्या यात्रेत ३०० ला एक अशी विकली.

किंमत नव्यानं काढली. कापड २६०, कारण आता इचलकरंजीचं बऱ्या प्रतीचं मलमल घ्यायचं आणि कापण्याआधी ते दोनदा धुवायचं ठरलं. न धुतलेलं कापड नंतर आटतं. वरचा थर आटला आणि आतला नाही तर चुण्या पडतात. दोरा आणि काठाची पट्टी २०. तुकडे जोडण्याचे धाकट्यांचे ८०. शिवणावळ ५४०. धुणं, इस्त्री, बांधणं ४०. बेरीज ९४०. विक्रीची किंमत १,४५०.

६५० वरून एकदम १,४५०. धाकट्या दोन रात्री झोपल्या नाहीत म्हणाल्या. पण या किमतीचा पहिला उपयोग गिऱ्हाईक मिळवायला झाला नाही, एका गिऱ्हाइकाला नाही म्हणायला झाला. दुसऱ्या एका दुकानानं ४० टक्के मार्जिन मागितलं. १,४५० मधून ४० टक्के गेले की ८७० उरतात, आणि खर्च आहे ९४०. पूर्वी अशा वेळी “बघू, जमवू” असं उत्तर गेलं असतं. आता वही समोर होती. ठेवून घ्यायला माल द्यायचा नाही. विकत घेणार असाल तर १५ टक्क्यांपर्यंत सूट, निम्मे पैसे आधी. दोन दुकानांनी पाठ फिरवली. एकानं दहा नग घेतले.

उद्यम नोंदणी त्याच आठवड्यात झाली. ती फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारे मध्यस्थ तालुक्याला भरपूर आहेत, म्हणून सांगते.

खुरपणीपुरतं काम मात्र बंद ठेवायचं, हे थोरल्यांचं म्हणणं सर्वांनी मानलं. त्या दिवसांत नवी ऑर्डर नाही. ऑर्डर देणाऱ्याला सरळ सांगायचं : आता बायका रानात आहेत, दुपटं नारळी पौर्णिमेनंतर. मला वाटलं होतं गिऱ्हाइकं तुटतील. काही तुटली. बऱ्याचजणी थांबल्या, बाळंतपणाची तारीख आधीपासून माहीत असते.

आठवणींची गोधडी

खरा बदल दुसरीकडून आला, आणि तो कुणी ठरवून आणलेला नव्हता. मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, माझ्या आईच्या साड्या पाठवते, गोधडी करून द्याल का? आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. आठ सुती साड्या.

शिवणाऱ्यांपैकी दोघींनी हात लावायला नकार दिला. गेलेल्या बाईचं लुगडं, ओळख ना पाळख, घरात कसं आणायचं? हा प्रश्न मी बाजूला सारला असता, पण थोरल्यांनी तो गंभीरपणे घेतला. संध्याकाळी घरातल्या सगळ्या गोधड्या काढून खाटेवर टाकल्या आणि विचारलं, “यातली कुठली जित्या माणसाची हाय? ही माझ्या सासूची. ही तिच्या सासूची. यांच्या मायेखालीच निजतोय न्हवं आपण?” एक बाई तयार झाली. दुसरी आजही ते काम घेत नाही, तिला दुपटीच देतात.

व्यवसाय म्हणून या कामाचे गुण हळूहळू कळत गेले. कापड गिऱ्हाइकाचं, म्हणजे भांडवल अडकत नाही. माल पडून राहत नाही. किमतीची तुलना करायला बाजारात दुसरी वस्तू नाही. दीड मीटर बाय सव्वादोन मीटरची गोधडी, अडीच सेंटिमीटरवर ओळी, १३५ मीटर धावदोरा, १६ रुपयांनी शिवणावळ २,१६०. साड्या उलगडून मांडणी ठरवणं, जोडणं, धुणं, पोस्टाचा खर्च धरून साधारण ३,२०० ला पडते. ५,५०० घेतात आणि सगळे आधी.

आणखी एक गोष्ट कर सल्लागारानं दाखवली. वर्षाला ४० लाखांच्या आत वस्तू विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर वस्तू विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते, हा सर्वसाधारण नियम. ठरावीक हस्तकलांना त्यात सूट आहे, पण आपली वस्तू त्या यादीत नेमकी बसते का, हे आधी तपासावं लागतं. बंगळुरूच्या दोन ऑर्डरी या धास्तीनंच सोडल्या होत्या. सल्लागाराचं म्हणणं पडलं की गिऱ्हाइकाच्या साडीवर शिवण घालून देणं ही वस्तूची विक्री नव्हे, सेवा आहे आणि सेवेला २० लाखांपर्यंत राज्याबाहेरही नोंदणीविना वाव आहे. म्हणजे जी वस्तू त्यांना पाठवायला सर्वांत अवघड वाटत होती, तीच कागदावर सर्वांत सोपी निघाली.

या कामातला एक घाव मात्र सांगायला हवा. एका पेटीत डाळिंबी काठाचं इरकली होतं. धुताना काठाचा रंग फुटला आणि शेजारच्या पांढऱ्या साडीवर पसरला. ती पांढरी साडी गिऱ्हाइकाच्या आजीची. धाकट्यांचं म्हणणं, तो भाग आतल्या थरात घालू, दिसणार नाही. थोरल्यांनी फोन लावायला लावला, शिवायच्या आधी. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. पैसे पूर्ण परत केले, गोधडी तरीही शिवून पाठवली, डाग पडलेला भाग त्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे वरच ठेवून. तेव्हापासून साड्या आल्या की प्रत्येकीचा फोटो, चिठ्ठी, आणि काठ ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहायचा. फडक्याला रंग लागला तर ती साडी वेगळी. कुठली साडी कापायची नाही, हेही आधी लिहून मागवतात.

काय झालं

२०२५ च्या मार्चअखेरची वही पाहिली तेव्हा चित्र असं होतं. चालू महिन्यांत सरासरी १६ दुपटी आणि तीन मोठ्या गोधड्या. महिन्याची विक्री ३९,७०० च्या आसपास. वर्षातले दहा महिने काम. शिवणावळ महिन्याला १५ हजार, ती सातजणींत वाटली जाते, म्हणजे एकीला दोन हजारांच्या वर. कापड, पोस्ट आणि इतर खर्च वजा जाता दोघी जावांना मिळून पंधरा-सोळा हजार, आणि यात त्यांची स्वतःची मेहनत आली. याला कुणी यशोगाथा म्हणणार नाही. पण २०२२ मध्ये याच दोघींच्या मेहनतीचा वहीत आकडाच नव्हता.

अकराच्या सात झाल्या. दोघी लग्न, बदली अशा कारणांनी गेल्या. एकीला ५४० पेक्षा रोज परवडतो, तो तिचा हिशेब आणि तो बरोबर आहे. अकरावीबद्दल शेवटी सांगते.

वेगळं काय करता आलं असतं

मोठी ऑर्डर घेण्याआधी नमुना दुकानाला दाखवला, पण तो थोरल्यांच्या हातचा होता. अकराजणींकडून एकेक दुपटं शिवून घेऊन त्यातलं मधलं दाखवायला हवं होतं. सर्वांत चांगला नमुना दाखवणं म्हणजे बाकी सगळ्यांच्या वतीनं वचन देणं. दुसरं, ६० ऐवजी २० मागून घेता आले असते. दुकान कदाचित नाही म्हणालं असतं, पण विचारलंच नाही. माझ्या सल्ल्याबद्दल : बँकेत कर्जदाराचं पीक कधी येतं हे पाहून हप्ता ठरवणारी मी, इथं कॅलेंडर विसरले, कारण हे काम मीही शेतीबाहेरचं समजत होते. थोरल्यांनी “पाऊस तोंडावर हाय” म्हटलं तेव्हा त्यांना काय म्हणायचं आहे ते विचारायला हवं होतं. मला ते कुरकुर वाटलं.

ठेवून घ्यायला माल देणं पूर्ण बंद करण्याचा निर्णय बरोबर होता का, याबद्दल मी साशंक आहे. नवीन माणसाला दुकानाच्या काचेत माल दिसणं, हीसुद्धा एक जाहिरात असते. पाच नगांपुरतं, लेखी, मुदत घालून देता आलं असतं. पोळलेला हात असा विचार करत नाही.

मीटरच्या दराचीही किंमत मोजावी लागली. अकरावी बाई गल्लीतली सर्वांत म्हातारी. सत्तरीच्या पुढं, एका डोळ्याला मोतीबिंदू. तिचा टाका वाकडातिकडा, ओळी सरळ नाहीत, कुठं दाट कुठं विरळ, आणि मध्येच मनात आलं तर एखादं पान, एखादं पाखरू. एक्स-रेच्या पट्टीवर तिच्या ओळी बसत नाहीत. तीस कधी भरत नाहीत, कधी चाळीस होतात. तिचं दुपटं दोनदा परत गेलं आणि तिसऱ्यांदा तिनं नेलं नाही. दर ठरवताना ती त्या दुपारी बसलेल्या सहाजणींत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून साड्या द्यायला आलेल्या एका बाईंनी तिच्या ओट्यावर वाळत टाकलेली तिची स्वतःची वाकळ पाहिली आणि अशीच हवी म्हणाल्या, अगदी अशीच, वाकड्या ओळींची. धाकट्यांनी विचारलं, हिची शिवणावळ कशी काढायची? मीटर मोजता येत नाहीत, ओळी तर मुळीच नाहीत. थोरल्या म्हणाल्या, तिला पट्टी देऊ नको आणि दर तिलाच विचार. म्हातारीनं विचार करून सांगितलं, पायलीभर ज्वारी आणि जे काय द्यायचं ते द्या. वहीत त्या ओळीपुढं अजून आकडा लिहिलेला नाही.